वृक्षतळीची कोरडी सावली आणि तेथील वनस्पतींची निवड

वृक्षाखालच्या जागेत काय लावावे, हा प्रश्न बागकामाच्या पुस्तकांतून बहुधा ‘सावलीतील झाडे’ या एकाच मथळ्याखाली उरकलेला असतो. या मथळ्याखाली येणारी नेचे, कॅलेथिया, मरांटा, अँथुरियम इत्यादी मंडळी मूळची उष्ण कटिबंधातील ओलसर वनांच्या तळाची रहिवासी. त्यांना प्रकाश थोडा पुरतो हे खरे. परंतु हवेतील व मातीतील ओलावा त्यांना बारमाही लागतो. दख्खनच्या पठारावर एखाद्या जुन्या वडाच्या किंवा चिंचेच्या तळी ती लावली, तर पावसाळाभर टवटवीत दिसतात. मार्गशीर्ष-पौषात त्यांच्या पानांच्या कडा करपू लागतात. आणि होळीच्या सुमारास वाफा मोकळा होतो. दोष माळ्याला दिला जातो. वस्तुतः दोष वर्गीकरणाचा असतो. ‘सावली’ हा शब्द प्रकाशाविषयी काही सांगतो. पाण्याविषयी तो मूक आहे.

जुन्या भाषाव्यवहारात मात्र पाण्याचा हा हिशेब अगदीच विसरलेला नव्हता. संस्कृतात वृक्षाला ‘पादप’ असे एक नाव आहे: पायांनी पितो तो पादप. झाड ही मुळांनी पाणी ओढणारी वस्तू आहे, ही जाणीव या नावातच आहे. आयुर्वेदाने भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार केले, तेही प्रकाशाच्या नव्हे तर जलाच्या निकषावर. यातील ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. त्याच शब्दाच्या कुळातला ‘जंगल’ हा शब्द मराठीत आणि पुढे इंग्रजीत जवळजवळ उलट अर्थाने, म्हणजे दाट अरण्य या अर्थाने, रूढ झाला, ही अर्थपरिवर्तनाची एक मौजेची घटना आहे. मराठीत ‘सावली’ आणि ‘सावट’ हे दोन शब्द शेजारी नांदतात. सावली हवीशी असते. सावट कोणालाच नको असते, मग ते दुष्काळाचे असो की संकटाचे. वृक्षाखाली बसणाऱ्या माणसाला मिळते ती सावली. त्याच वृक्षाखाली रुजू पाहणाऱ्या रोपावर पडते ते सावट, असा भेद केला तर प्रस्तुत विषयाची निम्मी मांडणी होऊन जाते.

हे सावट दुहेरी असते. पैकी प्रकाशाची बाजू प्रथम पाहू. घनदाट सदाहरित वनात माथ्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जमिनीपर्यंत पोचणारा अंश शेकडा १ ते २ इतकाच असू शकतो. उद्यानातील एकट्या वृक्षाखाली स्थिती इतकी कठीण नसते, कारण सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन बाजूने आत शिरते. परंतु केवळ मात्राच घटते असे नव्हे. प्रकाशाचे स्वरूपही पालटते. पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा प्रकाश बराचसा खाली जाऊ देतात. उघड्या जागी या दोहोंचे प्रमाण १.२ च्या आसपास असते. दाट पर्णसंभाराखाली ते ०.२ पर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते. वनस्पतीतील ‘फायटोक्रोम’ हे रंगद्रव्य हा फरक ओळखते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे १९५२ मध्ये सॅलडच्या बियांवरील प्रयोगांतून या यंत्रणेचा माग लागला. उन्हाची सवय असलेली रोपे हा संकेत मिळताच पाने वाढविण्याचे सोडून खोड लांबवितात व वृक्षावर मात करू पाहतात. वृक्षाखाली लावलेली शेवंती अशक्त होऊन लोळते ती यामुळे. खरी छायासहिष्णू वनस्पती या शर्यतीत उतरतच नाही. ती पान पातळ व रुंद करते, श्वसनाचा खर्च कमी ठेवते, आणि सावकाश वाढते.

पाण्याची बाजू याहून अधिक गुंतागुंतीची आहे. पाऊस पडतो त्यातील काही भाग पाने व फांद्या अडवून धरतात आणि तो तेथूनच वाफ होऊन जातो. एक-दोन मिलिमीटरची हलकी सर तर जमिनीपर्यंत पोचतही नाही. खाली पडलेल्या पाण्यावर पहिला हक्क वृक्षाचा असतो. वृक्षाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, ही समजूत व्यापक असली तरी बहुतांशी चुकीची आहे. पाणी व पोषक द्रव्ये शोषणारी बारीक मुळे मुख्यतः वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर मातीतच दाटलेली असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत, पसरतात. जेथे मातीचा थर पातळ व त्याखाली लगेच मुरूम लागतो तेथे हे आडवे पसरणे अधिकच वाढते. म्हणजे नवे रोप ज्या वीतभर मातीत मूळ धरू पाहते, तीच नेमकी वृक्षाची भोजनशाळा असते.

तथापि वृक्ष केवळ घेतोच असे म्हणणे एकांगी होईल. १९८७ मध्ये रिचर्ड्‌स व कॉल्डवेल यांनी अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम प्रदेशातील आर्टेमिसिया या झुडपाच्या बाबतीत असे दाखवून दिले, की रात्री पर्णरंध्रे मिटल्यावर खोल मुळांनी ओढलेले पाणी वरच्या कोरड्या मातीत मुळांवाटेच पाझरते. १९९३ मध्ये डॉसन यांना शर्करा-मेपल या वृक्षाखाली हाच व्यापार आढळला, आणि शेजारच्या लहान वनस्पती आपल्या एकूण पाण्यापैकी शेकडा ३ ते ६० इतका भाग या उसन्या पाण्यातून भागवितात असे दिसले. ही तफावतच बोलकी आहे: वृक्ष एकच, जमीन एकच, तरी एक वनस्पती शेजाऱ्याच्या दारचे पाणी भरून घेते व दुसरीला ते जमत नाही. निवडीचा प्रश्न अर्थपूर्ण होतो तो इथे.

अंधार आणि अवर्षण ही दोन्ही एकाच वेळी सोसणारी वनस्पती असू शकते काय, हा वनस्पति-परिस्थितिविज्ञानातील एक वादग्रस्त प्रश्न आहे. स्मिथ व ह्यूस्टन यांनी १९८९ मध्ये मांडलेला पक्ष असा, की या दोन सहनशक्ती परस्परांच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. थोड्या प्रकाशात जगायचे तर मिळकत पानांत गुंतविली पाहिजे. थोड्या पाण्यात जगायचे तर ती मुळांत गुंतविली पाहिजे. आणि मिळकत तर एकच. २००६ मध्ये नीनेमेट्स व व्हायादारेस यांनी उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांच्या ८०६ काष्ठमय जातींची तुलना केली. छायासहिष्णुता वाढते तेथे अवर्षणसहिष्णुता घटते, असाच सर्वसाधारण कल त्यांना आढळला. दोन्ही गुण बऱ्यापैकी असलेल्या जाती निघाल्या, पण फारच थोड्या.

दुसरा पक्ष सॅक व ग्रब यांचा. २००२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत त्यांना असे दिसले, की छायासहिष्णू रोपांवर अवर्षणाचा जो सापेक्ष परिणाम होतो, तो गर्द सावलीत विशेष वाढत नाही. दोन्ही आपत्ती आपापल्या परीने स्वतंत्रपणे काम करतात. शिवाय सावलीमुळे पानांचे तापमान व भोवतालच्या हवेचा कोरडेपणा कमी होतो, हा लाभ जमेस धरलाच पाहिजे. वैशाखातील पठारावर तर हा लाभ लहान नाही. दोन्ही पक्षांतील विरोध दिसतो तितका तीव्र नसावा. पहिला पक्ष जातीजातींतील सर्वसाधारण कल सांगतो, दुसरा अपवादांची शरीररचना सांगतो. आणि बाग लावणाऱ्याला गरज अपवादांचीच असते.

या वादातील बहुतेक पुरावा युरोप-अमेरिकेचा आहे, आणि तो जसाच्या तसा इकडे आणण्यात एक मोठी अडचण आहे. ती ऋतुचक्राची. युरोपातील पानझडी वनात वृक्ष निष्पर्ण असतात तेव्हा जमीन ओली असते. त्यामुळे स्नोड्रॉप, ब्लूबेल यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती वसंतारंभी, झाडांना पाने फुटण्यापूर्वी, प्रकाश व पाणी दोन्ही एकदम मिळवून आपला संसार आटोपतात. महाराष्ट्राच्या पठारावर याच्या उलट घडते. पुण्यासारख्या ठिकाणी पावसाचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आणि त्या काळात वृक्षांची पाने सर्वांत दाट असतात. फाल्गुन-चैत्रात पानझड होऊन खाली ऊन येते खरे, पण तेव्हा मातीत ओल उरलेली नसते. प्रकाश आणि पाणी यांची गाठ येथे पडतच नाही. इंग्रजी पुस्तकांतील कोरड्या सावलीच्या याद्या, त्यांतील एपिमेडियम, सायक्लेमेन व जिरेनियम यांच्यासह, या पठारावर निरुपयोगी ठरतात त्याचे कारण केवळ उष्णता नव्हे. त्या वनस्पतींचे पंचांगच निराळे आहे.

या पंचांगाशी जुळवून घेतलेल्या वनस्पती सह्याद्रीच्या व पठाराच्या रानांत आहेतच, आणि त्यांचा मार्ग मोठा तर्कशुद्ध आहे. त्यांनी दोन संकटांना दोन ऋतूंत विभागून टाकले. त्यांचे पान फक्त ओल्या सावलीत जगते आणि त्यांचा कंद फक्त कोरड्या काळात एकटा राहतो. म्हणून पानाला अवर्षण ठाऊक नसते व कंदाला प्रकाशाची गरज नसते. स्मिथ-ह्यूस्टन यांनी सांगितलेली ओढाताण येथे सोडविलेली नाही, टाळलेली आहे. भुईचाफा याचे सुंदर उदाहरण होय. पानांचा मागमूस नसताना, ऐन उन्हाळ्यात, त्याची जांभळी-पांढरी सुवासिक फुले थेट मातीतून वर येतात. पाने मागाहून येतात, आणि पाऊस सरल्यावर काही काळाने ती नाहीशी होतात. रानहळद, कळलावी, शेवळ, आणि पावसाच्या आरंभी भाजीसाठी खुडली जाणारी फोडशी ही याच पंथाची. फोडशीच्या प्रजातीतील सफेद मुसळीला सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये बोरिवलीवरून शास्त्रीय नाव दिले. औषधासाठी रानांतून तिची बेसुमार खणती होत आली आहे. हे लक्षात घेता तिला उद्यानातील वृक्षांखाली जागा देणे हे शोभेपलीकडचे काम ठरते. रोपे मात्र लागवडीतून आलेली असावीत, रानातून उपटलेली नव्हेत.

या कंदवर्गाविरुद्ध एकच तक्रार केली जाते: पाच-सहा महिने जमीन रिकामी दिसते. तक्रार खरी आहे. परंतु तिच्यापायी जे घडते ते अधिक शोचनीय आहे. रिकामी दिसणारी जागा म्हणजे फुकट गेलेली जागा, असे समजून उन्हाळ्यात ती खणली जाते, कंद कुदळीने तुटतात, आणि पावसाळ्यात पुन्हा ‘येथे काही येत नाही’ असा निर्वाळा दिला जातो. अशा वाफ्याच्या कडेला दगडांची एक ओळ लावून ठेवणे हा साधा, पण उपयुक्त उपाय आहे.

ज्यांना बारमाही हिरवळ हवी त्यांना दुसऱ्या पंथाकडे वळावे लागते. हा पंथ काटकसरीचा. पान जाड, चिवट, दीर्घायुषी, वाढ मंद, आणि पाण्याचा साठा मुळांत, मूलक्षोडात किंवा पानातच. यातील एक गोष्ट आधुनिक वर्गीकरणामुळे लक्षात येते. २००९ मध्ये आवृत्तबीज वनस्पतींच्या वर्गीकरणाची जी नवी मांडणी झाली तिने शतावरीचे कुल पुष्कळ विस्तारले. शतावरी, सॅन्सेव्हिएरिया, ड्रॅसिना, ॲस्पिडिस्ट्रा, ऑफिओपोगॉन, युरोपातील रस्कस, वर उल्लेखिलेली फोडशी, एवढेच काय पण रानकांदा व घायपातही आता एकाच कुलात गणली जातात. कोरड्या सावलीसाठी जगभर सुचविल्या जाणाऱ्या वनस्पतींचा एवढा मोठा भाग एका कुलातून यावा, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही; जमिनीखाली साठा करण्याची प्रवृत्ती या घराण्यात जुनी दिसते. शतावरीच्या गाठाळ मुळांचा झुबका पाहिला म्हणजे तिला पाण्यासाठी वृक्षाशी रोजचे भांडण का करावे लागत नाही, हे समजते. तिची सुईसारखी ‘पाने’ वस्तुतः पाने नसून रूपांतरित खोडे आहेत. रस्कसचेही तेच.

सॅन्सेव्हिएरियाची युक्ती आणखी निराळी. ती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते, आणि दिवसा रंध्रे मिटून त्यावर प्रकाशसंश्लेषण करते. बागांतून सर्वत्र दिसणारी, पट्टेदार पानांची जात पश्चिम आफ्रिकेची आहे. भारताची स्वतःची जात निराळी, आणि संस्कृतातील ‘मूर्वा’ ती हीच असे काहींचे मत आहे. मूर्वेच्या तंतूंची म्हणून धनुष्याच्या दोरीला ‘मौर्वी’ म्हणत, आणि क्षत्रिय बटूच्या मेखलेसाठी मनुस्मृतीने हीच दोरी सांगितली आहे. मूर्वा म्हणजे नक्की कोणती वनस्पती याविषयी मात्र एकवाक्यता नाही. मोरवेलीसारख्या इतरही वनस्पतींवर हे नाव सांगितले जाते. नावाचा निकाल काहीही लागो, झाडाची योग्यता त्याने कमी होत नाही. याच रीतीने जगणाऱ्या कोरफड आणि पानफुटी विरळ सावलीत तग धरतात, गर्द सावलीत मात्र लांबुडक्या व निस्तेज होतात. पूर्व आफ्रिकेतील झॅमिओकुल्कास सुरणाच्या कुलातील असून देठांत व मूलक्षोडात पाणी साठविते. गर्द सावली आणि कोरडी माती यांचा मेळ जेथे टोकाला जातो, तेथेही तो टिकून राहतो.

झुडपांत अडुळसा, चित्रक आणि कोरांटी यांच्याइतकी भरवशाची नावे थोडीच सापडतील. अबोलीचा मोह पुष्कळांना होतो. ती विरळ सावलीत फुलते हे खरे, पण हिवाळ्यापासून तिला नेमाने पाणी लागते, म्हणून तिची जागा कडेला. हिरवळीचा विचार तर सोडून देणेच बरे. हरळी उन्हाचे गवत आहे. तिची प्रकाशसंश्लेषणाची पद्धतीच भरपूर प्रकाश गृहीत धरते. सावली सोसणारे रुंद पानांचे कार्पेट गवत पाण्यावाचून राहत नाही. एकाला ऊन हवे, दुसऱ्याला पाणी हवे; कोरड्या सावलीत दोन्ही नाहीत.

आतापर्यंत ‘वृक्ष’ असा एकवचनी उल्लेख झाला. पण कोणता वृक्ष, हा प्रश्न कोणते रोप याच्या अगोदरचा आहे. आंब्याखाली वर्षभर गडद सावली असते. तेथे काटकसरी पंथच चालतो. कडुनिंब थोड्या दिवसांपुरता निष्पर्ण होऊन लगेच पालवतो व त्याची सावली विरळ असते. तेथे झुडपे चांगली येतात. गुलमोहर उन्हाळ्याच्या आरंभी दीर्घकाळ निष्पर्ण राहतो, त्याची मुळे उथळ व आक्रमक असतात, आणि त्याखाली कंदवर्ग सर्वांत बरा. अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष रात्री व मळभ असताना पर्णिका मिटतो, म्हणून पाऊस त्यातून सहज खाली उतरतो. शिवाय शिंबावंत कुलातील असल्याने त्याचा पाचोळा नत्रयुक्त असतो. त्याखालील माती इतरांच्या मानाने उदार म्हणावी अशी.

चिंचेखाली काही उगवत नाही, अशी लोकसमजूत आहे. एका वनस्पतीने रासायनिक द्रव्यांद्वारे दुसरीची वाढ रोखणे याला मोलिश यांनी १९३७ मध्ये ‘ॲलिलोपॅथी’ हे नाव दिले. चिंचेच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेत इतर रोपांची वाढ खुंटवितो, असे प्रयोगांतून दिसलेही आहे. परंतु बशीतील अर्क आणि शेतातील माती यांत अंतर आहे. चिंचेची दीर्घकाळ टिकणारी सावली, मुळांची ओढ, आणि तळी बसणाऱ्या-चालणाऱ्यांमुळे घट्ट झालेली जमीन एवढी कारणे आधीच हजर असताना सर्व दोष विषावर लोटणे घाईचे होईल.

एक सावधगिरी मात्र अपरिहार्य आहे. कोरड्या सावलीत सहज पसरणारी वनस्पती म्हणून पिवळ्या फुलांची वेडेलिया पुष्कळ ठिकाणी सुचविली जाते. जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली आहे तीत वेडेलियाचे नाव घाणेरी व रानमोडी यांच्या पंक्तीला आहे. ‘सहज वाढते’ ही तेथे शिफारस नसून आरोप आहे.

लागवडीच्या रीतीवर निवडीइतकेच अवलंबून असते. वृक्षाखालची माती कडक असते, म्हणून वरून वीतभर नवी माती टाकून वाफा उंच करण्याची पद्धत पडली आहे. ही पद्धत वृक्षाला घातक आहे. बारीक मुळांना हवा लागते. ती गाडली गेली की हळूहळू गुदमरतात, आणि वृक्षाचा शेंडा वाळू लागेपर्यंत काही वर्षे गेलेली असल्याने कारण कोणाच्या ध्यानीही येत नाही. बुंध्याभोवती काँक्रीटचा पार बांधल्याने हेच घडते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. मोठे रोप व मोठा खड्डा यांऐवजी लहान रोप व लहान खड्डा घ्यावा. बोटाएवढे जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डाच बाजूला सरकवावा. बुंध्याला लागून काही लावू नये. पाचोळा झाडून जाळण्याची सवय सोडावी, कारण ओल धरून ठेवणारे दुसरे आच्छादन तेथे नसते. लागवड जूनमध्ये, पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर करावी, म्हणजे मुळांना चार महिने मिळतात. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी एकदा, पण सावकाश व खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. रोज वरवर शिंपडलेले पाणी वृक्षाची वरची मुळेच पिऊन टाकतात. तिसऱ्या वर्षापासून कंदवर्गाला उन्हाळ्यात पाणी मुळीच देऊ नये, कारण निद्रिस्त कंद ओल्या व तापलेल्या मातीत कुजतो.